धमतरीची गाडी आणि बाभळीची झाडे

(हीरक महोत्सवी प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी उभारलेल्या रेल्वे-प्रतिकृतीच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बारा फूट लांब आणि चार फूट रुंद अशा टेबलावर आपली आठवी-नववीची मुले गेले अकरा महिने एक काम करीत होती. ते काम आज आपल्यासमोर खुले होत आहे. हे काम म्हणजे आपल्या रायपूर-धमतरी छोट्या लाईनची प्रतिकृती. गाडी पाहण्याची उत्सुकता आपणा सर्वांना असणारच. परंतु मला आज गाडीविषयी थोडे आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना जे आहे त्याविषयी अधिक बोलायचे आहे. खरे श्रम तिथेच खर्ची पडले, आणि आम्ही जे शिकलो तेही तिथेच.

ही लाईन १९०० साली सुरू झाली. बंगाल-नागपूर रेल्वेने ती बांधली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. रायपूरहून निघून माना, केंद्री, अभनपूर, कुरूद असे थांबे घेत गाडी धमतरीला पोहोचे. अभनपूरहून एक फाटा राजिमला जाई. शंभरांहून अधिक वर्षे या गाडीने या भागातले धान, लाकूड आणि माणसे वाहून नेली. गेल्या दशकात ती बंद झाली. शहरातला तिचा मार्ग आज एक्स्प्रेस-वेखाली गेला आहे. ३० मार्च २०२५ रोजी मंदिर हसौदमार्गे अभनपूरपर्यंत मोठ्या लाईनची गाडी सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. प्रगती व्हायलाच हवी. मात्र आज आपल्या शाळेत आठवीत असलेल्या मुलाने तेलीबांध्याहून सुटणारी छोटी गाडी पाहिलेली नाही. जे आपण रोज पाहिले, ते त्याच्यासाठी ऐकीव आहे. या प्रतिकृतीचे कारण एवढेच आहे.

मराठी घरांतल्या मुलांना देखावा उभा करणे नवे नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करायचा, विटा-दगड रचून त्यावर ओले गोणपाट पसरायचे, चिखल लिंपायचा, मोहरी किंवा अळीव पेरून चार दिवसांत हिरवळ उगवायची, हे आपल्यापैकी अनेकांनी केले आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त रायपुरात आलेल्या आपल्या वाडवडिलांनी ही हौस सोबत आणली. मुलांनी कामाला हात घातला तो याच अनुभवाच्या बळावर. परंतु किल्ल्यात आणि रेल्वेच्या प्रतिकृतीत एक मोठा फरक आहे. किल्ल्यावरचे महाराज दरवाजापेक्षा उंच असले आणि मावळ्याएवढाच वाघ शेजारी उभा असला, तरी कुणाची तक्रार नसते. तिथे भक्ती प्रधान असते. प्रतिकृतीत प्रमाण प्रधान असते. आम्ही १:८७ हे प्रमाण निवडले, जगभर बहुसंख्य हौशी मंडळी तेच वापरतात. या प्रमाणात छोट्या लाईनचे ७६२ मिलिमीटर म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर होतात. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात, ते आम्ही घेतले. त्यावर चालणारी इंजिनाची यंत्रणा विकत घेतली आणि तिच्यावर पुठ्ठ्याचे इंजिन मुलांनी स्वतः चढवले. माणूस या प्रमाणात १९ मिलिमीटरचा होतो, म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही लहान. एकदा हे प्रमाण स्वीकारले की फाटक, विहीर, बैलगाडी, कावळा या सर्वांनी ते पाळलेच पाहिजे.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काम सुरू झाले तेव्हा स्नेहसंमेलनापूर्वी ते संपावे अशी घाई मला झाली होती. म्हणून मी तयार देखाव्याचे साहित्य मागवले. हिरवीगार गवताची चटई आली, टोकदार शेंड्यांची झाडे आली, उतरत्या लाल छपरांची घरे आली. दोन दिवसांत टेबल भरून गेले. फार सुंदर दिसत होते. मी समाधानाने उभी होते. इतक्यात आठवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, ही गाडी धमतरीला जाते ना? मग वाटेत काश्मीर कसे लागले?” सगळे हसले, मीही हसले. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ती झाडे सूचिपर्णी होती, थंड डोंगराळ मुलखातली. रायपूर ते धमतरी या वाटेवर तसले एकही झाड नाही. आम्ही आमची गाडी परक्या देशातून चालवत होतो. दुसऱ्या दिवशी सर्व साहित्य उचलून ठेवले आणि मुलांना सांगितले, “संमेलन होऊन जाऊ दे. आपण आधी बाहेर जाऊन पाहू.”

माझ्या मनात त्या वेळी दोन उदाहरणे होती. पहिले पुण्याचे. कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी जिवापाड श्रमांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तिथे देशोदेशींच्या गाड्या धावतात. पासष्टाहून अधिक सिग्नल आहेत, उड्डाणपूल आहेत, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे. एक संपूर्ण कल्पित नगरच तिथे नांदते आहे. एका मराठी माणसाची हौस किती मजल मारू शकते, हे पाहायचे असेल तर आपण मुलांना तिथे अवश्य न्यावे. दुसरे उदाहरण इंग्लंडमधले. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून तिकडे गेला. खेड्यांतली गवताने शाकारलेली जुनी घरे आणि तिथले राहणीमान झपाट्याने पालटते आहे, हे पाहून तो अस्वस्थ झाला. त्याने एकेक घर मोजून, पाहून, जसेच्या तसे लहान प्रमाणात करायला घेतले. त्यातून पुढे १९५४ साली पेंडन संग्रहालय उभे राहिले. तिथेही रेल्वे आहे, पण लोक जातात ते त्या खेड्यातली परसबाग, कोबीचे वाफे आणि भिंतीवर चढलेली वेल पाहायला. पुण्याच्या नगराने आम्हाला हिंमत दिली आणि पेंडनने दिशा दिली. आपल्याला कल्पित नगर नको होते. आपल्याला आपली वाट हवी होती.

परंतु ती वाट टेबलावर मावायची कशी? इथे मुलांना गणित कामाला आले. धमतरीचे अंतर केवळ सत्तर किलोमीटर धरले, तरी १:८७ प्रमाणात ते आठशे मीटरांहून लांब होते. आपल्या शाळेचे सारे मैदान ओलांडून प्रतिकृती रस्त्यावर गेली असती. उलट बारा फुटांच्या टेबलावर खऱ्या जमिनीचे फक्त ३२० मीटर मावतात. म्हणजे निवड करावी लागणार. काय घ्यायचे आणि काय सोडायचे यावर वर्गात तीन दिवस वाद झाला. मी शिक्षिका म्हणून सांगते, तीन दिवसांत एवढा भूगोल मी एरवी कधी शिकवू शकले नसते. अखेर ठरले की एका टोकाला तेलीबांध्याचे स्थानक आणि तलाव, दुसऱ्या टोकाला केंद्री-अभनपूरकडची भातशेती आणि मध्ये एक फाटक. बाकीचे प्रेक्षकाच्या स्मरणावर सोडायचे.

मग आम्ही शेते पाहायला गेलो, आणि आमच्या पुस्तकी ज्ञानाची परीक्षा तिथे झाली. मुलांनी टेबलावर एकच तपकिरी रंग द्यायचे ठरवले होते. बांधावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने त्यांना विचारले, “कोणती माती दाखवणार?” छत्तीसगडच्या शेतकऱ्याकडे मातीला चार नावे आहेत. उंचावरची तांबूस, मुरमाड ती भाटा. तिच्याखाली पिवळसर मटासी. त्याखाली डोरसा. आणि सर्वांत खोलगट भागातली काळी, चिकण, ओल धरून ठेवणारी ती कन्हार. उतारावर याच क्रमाने त्या येतात, कारण पाणी खाली उतरताना बारीक कण सोबत नेते. आम्ही सपाट समजत होतो त्या जमिनीला चढउतार होता, आणि तो रंगांतून दिसत होता. मुलांनी चारही माती पिशव्यांत भरून आणल्या, उन्हात वाळवल्या, पाट्यावर वाटून चहाच्या गाळणीने चाळल्या. टेबलावर आधी थर्माकोलचे तुकडे रचून मंद उतार केला, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत भिजवून चिकटवल्या, वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात दिला आणि मग फेविकॉल लावून ज्या उंचीवर जी माती शोभते ती भुरभुरली. आपण जो रंग पाहाल तो रंगाच्या बाटलीतला नाही, तो या भूमीचा आहे.

झाडांचेही तेच झाले. या भागातल्या भातशेताच्या बांधावर बाभूळ असते. शेतकरी ती मुद्दाम राखतो. नांगराला लाकूड, चुलीला सरपण, शेळ्यांना शेंगा आणि कुंपणाला काटे ती देते. तिची सावली विरळ असते, त्यामुळे तिच्याखालीही धान पिकते. बाभळीशिवाय धमतरीची वाट दाखवणे म्हणजे तुळशीवृंदावनाशिवाय वाडा दाखवण्यासारखे आहे. आम्ही तांब्याच्या बारीक तारांची जुडी पिळून खोड केले, वरच्या तारा सोडवून फांद्या केल्या, फेविकॉलमध्ये भुसा कालवून साल चढवली आणि रंगवलेल्या स्पंजाचा चुरा विरळ हाताने चिकटवला. लहान झुडपांना तुळशीच्या वाळलेल्या काड्या उत्तम उपयोगी पडल्या. एक गोष्ट मात्र सर्वांकडून चुकत होती. झाडे फार लहान होत होती. नऊ मीटरची बाभूळ या प्रमाणात दहा सेंटिमीटरांची हवी आणि वीस मीटरचा पिंपळ तेवीस सेंटिमीटरांचा. मुलांनी पिंपळ गाडीच्या डब्याएवढा केला होता. मोजून केल्यावर कळले की गाडी खरोखरच किती छोटी होती आणि तिच्यावर झाडांचे केवढे छत्र होते.

ऋतू कोणता, हाही प्रश्न आलाच. श्रावणातले हिरवे धान, की कार्तिकातले पिवळे? मतदान झाले आणि मार्गशीर्ष जिंकला, कारण त्या वेळी कापणी होऊन खळी भरलेली असतात आणि पैऱ्याचे ढीग लागलेले असतात. पैरा म्हणजे भाताचा पेंढा. हा शब्द आमच्या मुलांनी मराठीतच असल्यासारखा वापरला, आणि मी तो दुरुस्त केला नाही. कापलेल्या भाताचे सड ताग्याच्या धाग्यांचे तुकडे उभे चिकटवून केले. एका शेतासाठी दोन विद्यार्थिनी नऊ दिवस बसल्या होत्या. कौलारू घरांसाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा वरचा कागद सोलून वापरला. तलावासाठी तळ आधी गडद रंगवून त्यावर वॉर्निशचे सात-आठ पातळ थर एकेक वाळू देत चढवले. घाईने जाड थर दिला की तो आतून वाळत नाही आणि सुरकुततो. हे आम्ही एकदा अनुभवले आणि तलाव पुन्हा खणावा लागला.

रंगांच्या बाबतीत एक सूक्ष्म गोष्ट सांगते. खऱ्या पानाशी ताडून अगदी तोच हिरवा रंग दिला, तरी टेबलावर तो भडक दिसतो. कारण साधे आहे. या टेबलापासून आपण एक मीटर दूर उभे राहिलो, तर प्रमाणाच्या हिशेबाने ८७ मीटर दूर उभे असतो. तेवढ्या अंतरावरून हवा आणि धूळ यांच्यामुळे प्रत्येक रंग फिका होतो. म्हणून सगळ्या रंगांत थोडा पांढरा किंवा मातकट रंग मिसळावा लागतो. दूरची वस्तू दूरची म्हणूनच दाखवावी, हा विवेक चित्रकलेत आहे, इतिहासलेखनात आहे आणि आठवणी सांगतानाही तो असावा, असे मला वाटते.

देखावा पूर्ण होत आला तेव्हा आम्ही ज्येष्ठांना बोलावले. एका विद्यार्थ्याचे आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “फार स्वच्छ केलीत लाईन. रुळांत गवत नव्हते असा पावसाळा मला आठवत नाही.” मुलांनी खडी अगदी निगुतीने बसवली होती. चाळलेली वाळू रुळांमध्ये पसरून, फेविकॉलमध्ये निम्मे पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब घालून, ड्रॉपरने थेंब थेंब सोडले होते. साबणामुळे पाणी वाळूवर तरंगत नाही, आत झिरपते. आता त्या नीटस खडीत त्यांनी गवत उगवले. रुळांच्या बाजूंना गंजाचा तपकिरी हात दिला. एका आजींनी विचारले, “भाजीच्या टोपल्या कुठे आहेत?” त्या पहाटेच्या गाडीत टोपल्या असायच्या, सरपणाच्या मोळ्या असायच्या. मोहरीचे दाणे रंगवून टोपल्या भरल्या गेल्या. फलाट उंच झाला होता, तो कापून जवळजवळ जमिनीला टेकवला, कारण सर्वांनी एकमुखाने सांगितले की गाडीत पाय उचलून चढावे लागे. तलावाच्या कोणत्या बाजूला पिंपळ होता यावर मात्र दोन आजोबांचे आजही एकमत नाही. आम्ही पिंपळ खिळ्यावर बसवला आहे. तो हलवता येतो.

मित्रहो, आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. इंजिन पैसे देऊन आणता येते. परिसर विकत मिळत नाही. तो पाहावा लागतो, विचारावा लागतो, आणि ज्याला तो आठवतो त्याच्याजवळ जाऊन बसावे लागते. या अकरा महिन्यांत आमची मुले जितक्या वेळा आजी-आजोबांशी बोलली, तितकी एरवी बोलत नाहीत, असे पालकच मला सांगतात. आपली शाळाही अशीच आहे. इमारत पैशाने उभी राहते. साठ वर्षे या शहरात, हिंदी आणि छत्तीसगढीच्या शेजारात मराठी शाळा टिकून राहिली ती भोवतीच्या माणसांमुळे. ज्या १९०० साली ही गाडी धावू लागली, त्याच वर्षी माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. घरची भाषा मराठी, पण ज्या मातीत राहतो तिची ओळख करून घ्यायची आणि तिच्या कामी यायचे, ही वाट त्यांनी दाखवली होती. कन्हार आणि मटासी हे शब्द मराठी मुलांच्या तोंडी बसले, तर मला ते मराठीचे नुकसान वाटत नाही.

शेवटी एक विनंती. आपण आत जाल तेव्हा तेलीबांध्याच्या टोकाला आपल्याला एक कोरी पांढरी पुठ्ठ्याची पेटी दिसेल. सगळ्या रंगीत देखाव्यात ती डोळ्यांना खटकेल. ती अपुरी राहिलेली नाही, मुद्दाम तशी ठेवली आहे. तिथे स्थानक होते. आमच्याकडे जमलेल्या सर्व छायाचित्रांत ते एकाच बाजूने दिसते, तेही माणसांच्या आड. लोकांनी गाडीचे फोटो काढले, निरोप द्यायला आलेल्या नातेवाइकांचे काढले. स्थानकाची मागची भिंत कुणी टिपली नाही. तिला खिडक्या किती होत्या, रंग कोणता होता, पाण्याचा नळ कुठे होता, हे आम्हाला ठाऊक नाही. अंदाजाने करायला मुलांनीच नकार दिला. काश्मीरचा धडा त्यांनी लक्षात ठेवला आहे.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांनो, घरी गेल्यावर माळ्यावरचे अल्बम खाली काढा. आई-वडिलांना विचारा. एखादे छायाचित्र, कागदावर काढलेला वेडावाकडा नकाशा, नुसती एक आठवणही चालेल. शाळेच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे, तीत लिहा. लवकर लिहा, कारण ज्यांना ती भिंत आठवते त्यांची संख्या दरवर्षी कमी होते आहे. पेटी तयार आहे, मापे घेतलेली आहेत, कात्रीही तयार आहे. पांढरा पुठ्ठा आपल्या माहितीची वाट पाहतो आहे.

आता फित कापण्याचा मान मी अध्यक्षांना देते, आणि गाडी सोडण्याचा मान ‘काश्मीर कसे लागले’ असे विचारणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीला.